निसर्गचित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हिअस हिल

ह्या पत्रांत मिशनऱ्यांचीं, पाळकांचीं व देवभक्त स्त्रीपुरुषांचीं चरित्रें वारंवार येत असतात. आज आम्ही एका चित्रकाराचें चरित्र देत आहों. हे गृहस्थ उपदेशक नव्हते, परदेशीं सेवेस गेले नव्हते, आणि त्यांनीं धर्मशास्त्रावर एखादा ग्रंथही लिहिला नाहीं. नद्या, डोंगर, पडके किल्ले व मावळतीचा प्रकाश रंगविणें हा त्यांचा धंदा. तरी त्यांच्या आयुष्यांत एक दिवस असा आला कीं, त्याचा संबंध मुंबई व नागपूर येथील मंडळ्यांच्या इतिहासाशीं येऊन पोहोंचतो. त्या दिवसाच्या आठवणीसाठीं त्यांनीं एक काम अंगावर घेतलें, आणि तें पुरें होण्यास २३ वर्षें लागलीं. तीं वर्षें कशीं गेलीं हें वाचकांस सांगावें अशी आमची इच्छा आहे.

स्कॉटलंड देशांत टे नदीच्या कांठीं पर्थ नांवाचें जुनें शहर आहे. तेथें ता. २० मे १८०२ रोजीं डेव्हिड ऑक्टेव्हिअस हिल यांचा जन्म झाला. वडील थॉमस हिल हे पुस्तकें विकीत व प्रसिद्धही करीत. त्यामुळें कागद, शाई व छापील चित्रें यांची ओळख मुलास घरांतच झाली. पर्थच्या शाळेंत शिक्षण झाल्यावर त्यांस एडिंबरो शहरीं अँड्र्यू विल्सन नांवाच्या चित्रकलेच्या शिक्षकाकडे पाठविण्यांत आलें. त्या काळीं शिळाछापाची विद्या स्कॉटलंडांत नवी होती. ती ह्या तरुणानें उचलली, आणि १८२१ च्या सुमारास, वयाचीं वीस वर्षें पुरीं होतात न होतात तोंच, आपल्या जिल्ह्यांतील देखाव्यांचीं शिळाछाप चित्रें काढून प्रसिद्ध केलीं. शिळाछाप आमच्या लोकांच्याही ओळखीचा आहे. मराठींतील कित्येक जुनीं पुस्तकें त्याच रीतीनें छापलेलीं असून, एखाद्या जुन्या उपदेशकाच्या पेटींत अजून त्यांतलें एखादें सांपडतें.

हिल यांचें मन उघड्या माळावर व नदीकांठीं रमे. टे नदीचें खोरें, समुद्रकांठचे उजाड वाडे, उंचावरून दिसणारें एडिंबरो, असे विषय त्यांनीं पुनःपुन्हां घेतले. सूर्य मावळतांना जो तांबूस उजेड पाण्यावर पसरतो तो त्यांच्या विशेष आवडीचा. वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबऱ्यांसाठीं त्यांनीं चित्रें दिलीं, आणि रॉबर्ट बर्न्स ह्या शेतकरी कवीच्या मुलुखांत हिंडून तेथील ओढे, पूल, झोपड्या व शेतें यांचीं सुमारें ६० चित्रें तयार केलीं. त्यांवरून कोरलेल्या छापांचें पुस्तक १८४० च्या सुमारास निघालें. आगगाडीचा एक रस्ता १८३१ सालीं ग्लासगोजवळ उघडला, त्याचेंही चित्र त्यांनीं काढिलें. धूर सोडणारें इंजिन चित्रांत घेणें त्या काळच्या पुष्कळ चित्रकारांस हलकेपणाचें वाटलें असतें, हिल यांस तसें वाटलें नाहीं.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे इतरांसाठीं खपणें. एडिंबरो येथील चित्रकारांनीं आपली स्वतंत्र संस्था काढली, तिचे चिटणीस १८३० सालीं हिल झाले. आरंभींचीं कांहीं वर्षें हें काम बिनपगारी होतें. प्रदर्शनें भरविणें, पत्रें लिहिणें, भांडणें मिटविणें व गरजू सोबत्यांस मदत मिळवून देणें यांत त्यांचे दिवस जात. हें पद त्यांनीं १८६९ पर्यंत, म्हणजे सुमारें ४० वर्षें, सांभाळिलें. आम्हांस वाटतें कीं, त्यांच्या कित्येक चित्रांचा वेळ ह्या कामानें खाल्ला. मंडळीचा हिशेब ठेवणाऱ्या व सभेचीं पत्रें लिहिणाऱ्या कोणाही वडिलास हें सांगणें नको.

१८३७ सालीं त्यांचें लग्न अ‍ॅन मॅक्डॉनल्ड यांच्याशीं झालें. शार्लट नांवाची एक मुलगी झाली. परंतु पत्नीची प्रकृति खालावली व १८४१ सालीं त्या वारल्या. लहान मुलगी, संस्थेचें काम आणि रंगाचा धंदा एवढें घेऊन हा विधुर मनुष्य दिवस काढीत असतां १८४३ चा मे महिना आला.

त्या महिन्यांत काय घडलें हें सांगण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. स्कॉटलंडच्या सरकारमान्य चर्चमध्यें पुष्कळ गांवीं पाळक नेमण्याचा हक्क तेथील जमीनदाराकडे असे. मंडळीस तो पाळक नको असला तरी त्यास तिच्या माथीं मारतां येई. चर्चच्या महासभेनें १८३४ सालीं ठरविलें कीं, मंडळीच्या बहुतेक कुटुंबप्रमुखांनीं नाकारलेला मनुष्य पाळक होऊं नये. यावर कज्जे झाले, आणि न्यायालयांनीं जमीनदारांच्या बाजूनें निकाल दिले. ख्रिस्ताच्या मंडळींत शेवटचा शब्द कोणाचा, असा हा प्रश्न होता, व तो जवळजवळ दहा वर्षें पेटत राहिला. शेवटीं ता. १८ मे १८४३ रोजीं महासभा एडिंबरोच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्यें भरली असतां अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनीं निषेधाचा लेख वाचला, तो मेजावर ठेविला, आणि ते दाराबाहेर पडले. त्यांच्या मागोमाग डॉ. थॉमस चामर्स व इतर पाळक आणि वडील उठले. रस्त्यांत लोकांची दाटी झाली होती. तिच्यामधून चालत ते सर्व उताराच्या वाटेनें टॅनफील्ड येथील एका मोठ्या इमारतींत गेले, आणि तेथें फ्री चर्चची पहिली महासभा भरली. पांच दिवसांनीं, ता. २३ रोजीं, आपलीं पदें सोडल्याच्या लेखावर त्यांनीं सह्या केल्या. सह्या करणाऱ्या पाळकांची एकंदर संख्या ४७४ भरली.

सही करणें म्हणजे काय, हें वाचकांनीं मनांत आणावें. सही होतांच पगार गेला, राहतें घर गेलें, आणि ज्या इमारतींत बापजाद्यांनीं प्रार्थना केली ती इमारतही गेली. कित्येकांच्या घरीं लहान मुलें होतीं. पुढील महिन्यांत पुष्कळ मंडळ्यांनीं कोठारांत, तंबूंत व उघड्या डोंगराच्या बाजूस उपासना केली.

ह्याचा धक्का आमच्या देशापर्यंत पोहोंचला. मुंबईस १८२९ पासून काम करणारे डॉ. जॉन विल्सन, कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ व हिंदुस्थानांतील स्कॉटिश चर्चचे सर्वच मिशनरी फ्री चर्चला मिळाले, आणि मिशनच्या इमारती मागें सोडून त्यांनीं नव्यानें सुरवात केली. विल्सन कॉलेजाचा आज जो वंश चालू आहे तो ह्या निवडींतून पार पडून आलेला आहे. नागपुरास ज्यांच्या नांवाचें कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप यांस १८४४ सालीं ह्याच नव्या चर्चनें पाठविलें.

हिल यांनीं टॅनफील्ड येथील तो देखावा पाहिला आणि त्यांचें मन भरून आलें. सह्यांचा तो प्रसंग एका मोठ्या चित्रांत कायमचा ठेवावा असें त्यांनीं ठरविलें, व थोड्याच दिवसांत तसें जाहीरही केलें. चित्र दोन-तीन वर्षांत होईल, त्यावरून छाप काढतां येतील व ते घरोघर जातील असा त्यांचा अंदाज. परंतु येथेंच अडचण होती. हिल हे झाडें व पाणी रंगविणारे. चेहरे हा त्यांचा अभ्यास नव्हता. आणि चेहरे तर शेंकडों हवे होते, तेही खरे, ओळखूं येणारे. सभा संपतांच हीं माणसें देशाच्या कानाकोपऱ्यांत पांगणार. प्रत्येकास समोर बसवून रेखाचित्र काढावयाचें तर वर्षेंच्या वर्षें जावयाचीं.

सेंट अँड्र्यूज येथील प्रसिद्ध शास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर हे स्वतः ह्या चळवळींत होते. त्यांनीं हिल यांस सुचविलें कीं, सूर्यप्रकाशानें कागदावर चित्र उमटविण्याची जी नवी युक्ति निघाली आहे तिचा उपयोग करावा. आरंभीं हिल यांचा भरंवसा बसला नाहीं. परंतु ब्रूस्टर यांनीं त्यांची गांठ रॉबर्ट अ‍ॅडमसन नांवाच्या बावीस वर्षांच्या तरुणाशीं घालून दिली. अ‍ॅडमसन हा सेंट अँड्र्यूजजवळच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. यंत्रविद्या शिकावी अशी त्याची इच्छा होती, परंतु प्रकृति नाजूक असल्यामुळें ती साधली नाहीं. वडील भाऊ डॉक्टर होता. त्यानें त्यास छायाचित्राची विद्या शिकविली, व त्याच मे महिन्यांत अ‍ॅडमसन एडिंबरोस येऊन कॅल्टन टेकडीवरील रॉक हाउस नांवाच्या घरीं राहिला होता.

हल्लीं खेड्यांतील मूलही फोटो काढतें. तेव्हां त्या वेळचे श्रम थोडे सांगितले पाहिजेत. चांगल्या कागदावर चांदीच्या क्षाराचा लेप द्यावयाचा, तो अंधारांत पुन्हां भिजवावयाचा, आणि लांकडी पेटींत घालून भिंगासमोर उघडावयाचा. लख्ख ऊन असलें तरी माणसास मिनिट-दोन मिनिटें मुळींच न हालतां बसावें लागे. मान हालूं नये म्हणून डोक्यामागें लोखंडी आधार लावीत. मग त्या कागदावर काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें असें उलटें चित्र उमटे, आणि तो कागद दुसऱ्या कागदावर ठेवून उन्हांत धरिला म्हणजे सुलटें चित्र मिळे. ह्या रीतीस कॅलोटाइप म्हणत. सर्व काम उघड्यावर होई. खुर्ची, मेज, पडदा व पुस्तकें बाहेर आणून खोलीचा देखावा उभा करीत, आणि ढग आला कीं काम थांबे.

दोघांची जोडी विलक्षण जमली. अ‍ॅडमसनचा हात रसायनांत अचूक होता, आणि कोणास कसें बसवावें, उजेड कोणीकडून घ्यावा, हात कोठें ठेवावे, हें हिल पाहत. त्यांचीं चित्रें १८४४ सालीं प्रदर्शनांत मांडलीं तेव्हां तीं हिल यांच्या देखरेखीखालीं अ‍ॅडमसन यांनीं केलीं असें दोघांच्याही नांवानें नमूद केलें होतें. पुढील काळांत लोकांनीं अ‍ॅडमसनचें नांव पुष्कळ वर्षें जवळजवळ विसरूनच टाकिलें, हें बरें झालें नाहीं.

पाळक येऊं लागले. कोणी वृद्ध, कोणी तरुण, कोणी हातांत बायबल घेऊन, कोणी दोघेतिघे मिळून. डॉ. चामर्स आले. दगड फोडून पोट भरणारा व पुढें वर्तमानपत्राचा संपादक झालेला ह्यू मिलर आला. त्यानें त्याच वर्षीं आपल्या पत्रांत ह्या नव्या कलेविषयीं लेखही लिहिला. आणि डॉ. विल्सन यांजबरोबर मुंबईहून गेलेले धनजीभाई नवरोजी हेही त्या भिंगासमोर बसले. धनजीभाई पारशी घराण्यांतले; १८३९ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हां मुंबईंत मोठी खळबळ उडून प्रकरण न्यायालयांत गेलें होतें. १८४६ सालीं एडिंबरो येथें फ्री चर्चनें त्यांस पाळकपदाची दीक्षा दिली. त्यांचें तें चित्र अजून आहे. आमच्या भागांतील ख्रिस्ती मनुष्याच्या अगदीं आरंभींच्या छायाचित्रांपैकीं तें असावें, म्हणून त्याचा उल्लेख येथें मुद्दाम करितों.

एवढ्यावर दोघे थांबले असते तर त्यांचें काम झालें होतें. परंतु ते थांबले नाहींत. एडिंबरोच्या उत्तरेस समुद्रावर न्यूहेवन नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. तेथील पुरुष रात्रीं होड्या घेऊन जात, आणि बायका मासळीनें भरलेल्या जड टोपल्या पाठीवर घेऊन चढण चढून शहरांत विकावयास येत. हिल व अ‍ॅडमसन आपली पेटी घेऊन ह्या गांवीं गेले. होडीला टेकलेला कोळी व त्याचीं मुलें, पट्ट्यापट्ट्यांचे जाड घागरे घातलेल्या बायका, रिकामी टोपली शेजारीं ठेवून खालीं पाहणारी एक तरुण कोळीण, असलीं कित्येक चित्रें त्यांनीं घेतलीं. एका चित्रांत तेथील पाळक जेम्स फेअरबर्न हे पुस्तक उघडून बसले आहेत आणि कोळणी भोंवतीं दाटून ऐकत आहेत. अंगणांत बसून गांवकऱ्यांपुढें शास्त्र वाचणाऱ्या आमच्या कोणाही उपदेशकास हें चित्र दाखविलें तर तो परका देश आहे असें त्यास वाटणार नाहीं. विद्वान पाळकास जो मान व जो उजेड त्यांनीं दिला तोच ह्या कोळणीस दिला. गरीब माणसें पूर्वींच्या चित्रांत बहुधा हंसें आणण्यासाठीं किंवा कींव येण्यासाठीं घातलेलीं असत. येथें तसें कांहीं नाहीं. तीं आपल्या गांवांत, आपल्या कामाच्या कपड्यांत, उभीं आहेत.

अशा रीतीनें सुमारें साडेचार वर्षांत जवळजवळ ३,००० चित्रें झालीं. मग अ‍ॅडमसनची प्रकृति ढांसळली. १८४७ च्या अखेरीस तो घरच्या माणसांकडे सेंट अँड्र्यूज येथें परत गेला, आणि ता. १४ जानेवारी १८४८ रोजीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, मरण पावला. हिल यांस त्याचें दुःख फार झालें. छायाचित्रांचें काम बंद पडलें. बऱ्याच वर्षांनीं दुसऱ्या एका सोबत्यास घेऊन त्यांनीं तें पुन्हां करून पाहिलें, परंतु पूर्वीची गोडी आली नाहीं.

मोठें चित्र मात्र तसेंच उभें होतें. दोन-तीन वर्षांचा वायदा केव्हांच उलटून गेला होता. पोटासाठीं हिल डोंगर व नद्या रंगवीत, संस्थेचीं पत्रें लिहीत, एडिंबरोस राष्ट्रीय चित्रालय व्हावें म्हणून खटपट करीत. तें चित्रालय १८५९ सालीं उघडलें. अधूनमधून ते त्या मोठ्या पटापुढें उभे राहून एखाददुसरा चेहरा घालीत. टॅनफील्डमध्यें सह्या केलेल्यांपैकीं कित्येक आतां कबरेंत होते. आम्ही त्यांच्या ह्या दिरंगाईची तरफदारी करीत नाहीं. पुष्कळ कामें अंगावर घेऊन मुख्य काम मागें टाकण्याचा दोष त्यांच्यांत होता, आणि तो त्यांस स्वतःस कळत नसेल असें वाटत नाहीं.

१८६२ हें वर्ष त्यांस शोकाचें व आधाराचें असें दोन्ही झालें. त्या वर्षीं त्यांची एकुलती मुलगी शार्लट वारली. त्याच वर्षीं अमेलिया पेटन नांवाच्या बाईंशीं त्यांचें दुसरें लग्न झालें. ह्या बाई स्वतः दगडांत मूर्ति घडविणाऱ्या होत्या. त्यांनीं नवऱ्यास मोठ्या चित्राकडे परत वळविलें. शेवटीं १८६६ सालीं चित्र पुरें झालें.

तें सुमारें बारा फूट लांब व पांच फूट उंच आहे, आणि त्यांत साडेचारशेंहून अधिक माणसें आहेत. मध्यें डॉ. चामर्स, मेजाशीं वांकून सही करणारे ग्रीनॉकचे डॉ. पॅट्रिक मॅक्फार्लन, ज्यांनीं स्कॉटलंडांतील सर्वांत मोठ्या उत्पन्नाच्या पदांपैकीं एक सोडलें. जाणते लोक म्हणतात कीं चित्र म्हणून तें फारसें साधलें नाहीं, आणि तें आम्हांसही कबूल करावें लागतें. चेहऱ्यांस चेहरे लागून त्यांची जणूं भिंत झाली आहे; बहुतेकांवर सारखाच उजेड; कोणी १८४३ चा तरुण, तर त्याच्या शेजारचा पुढील काळांतला म्हातारा. एखादें माणूस अंधारांत ठेवून दुसरें पुढें आणावें, म्हणजे चित्रास जोर येतो, हें हिल यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. डोंगर रंगवितांना ते तसेंच करीत. परंतु ज्यांनीं घरदार सोडून सही केली त्यांच्यांतला अंधारांत कोणास ठेवावा? आमच्या मतें चित्र बिघडलें तें येथें, आणि त्याबद्दल आम्हांस हिल यांचा राग येत नाहीं.

गर्दींत एके ठिकाणीं त्यांनीं स्वतःस बसविलें आहे, हातांत कागद घेऊन. आणि जवळच रॉबर्ट अ‍ॅडमसन आपल्या यंत्रासह आहे, जसा १८४३ सालीं होता तसा. चित्र पुरें झालें तेव्हां त्यास जाऊन अठरा वर्षें झालीं होतीं.

फ्री चर्चच्या लोकांनीं वर्गणी करून १,५०० पौंडांस तें विकत घेतलें. छाप मात्र कोरून काढले नाहींत. ग्लासगोचे टॉमस अ‍ॅनन यांनीं त्याचें छायाचित्र घेऊन प्रती काढल्या. सूर्यप्रकाशापासून झालेलें चित्र पुन्हां सूर्यप्रकाशानेंच घरोघर गेलें.

त्यानंतर हिल यांची शक्ति लवकरच ओसरली. १८६९ सालीं त्यांनीं चिटणिसाचें पद सोडलें आणि ता. १७ मे १८७० रोजीं ते एडिंबरो येथें वारले. दुसऱ्या दिवशीं त्या सभात्यागास २७ वर्षें पुरीं होत होतीं. डीन नांवाच्या दफनभूमींत त्यांस पुरलें, व कबरेवर अमेलियाबाईंनीं स्वतः घडविलेला त्यांचा अर्धपुतळा बसविला. ह्या बाई १९०४ सालीं वारल्या.

हिल यांच्या नदी-डोंगरांच्या चित्रांस आतां थोडेच लोक ओळखतात. मोठें चित्र एडिंबरो येथें फ्री चर्चच्या कचेरींत आहे. आणि ज्यांस ते केवळ त्या चित्राचें साहाय्य समजून काढीत गेले त्या कागदी छायाचित्रांचे ठसे टॉमस अ‍ॅनन यांच्या मुलानें सुमारें १८९० नंतर नव्यानें काढले. ते अमेरिकेपर्यंत गेले, १९३१ सालीं जर्मन भाषेंत त्यांवर पुस्तक निघालें, आणि एडिंबरो व ग्लासगो येथील संग्रहांत तीं मूळ चित्रें आज जपून ठेविलीं आहेत. पाहणारे तेथें जातात ते बहुधा त्या कोळणीस पाहावयास जातात.